बंब होडीत कसा बसवायचा?

मार्चअखेरची दुपार. दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोटीची वाट पाहत उभा होतो. समोर वाशिष्ठीची खाडी, पलीकडे धोपावे, आणि त्याच्या वरच्या सड्यावरून धुराची एक तिरकी रेघ निघालेली. "वणवा लागला," रिक्षावाला म्हणाला. आज उकडतंय म्हणावं इतक्या सहज. मागे मासळीची टोपली घेऊन बसलेल्या आजीने धुराकडे पाहिलं, मग खाडीकडे. "एवढी खाडी भरून पाणी हाय, आणि आग काय ती इझत नाय."

आजीचा प्रश्न बरोबर आहे. पाण्याने वेढलेल्या जागी आग विझवायला पाणी का मिळू नये? आणि बंब बाहेरूनच आणायचा, तर तो पाण्यापलीकडे न्यायचा कसा?

रत्नागिरी जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी नाही. राजापूर तालुक्यात जैतापूरच्या खाडीत जुवे नावाचं गाव आहे. खाडीतल्या बेटाला कोकणात जुवं म्हणतात, तेच गावाचं नाव झालं. मूठभर घरं, चहूबाजूंनी पाणी, आणि जायला होडी. अशा एखाद्या गावाच्या मुंबईकर मंडळाने उद्या वर्गणी काढून जुना बंब गावाला भेट द्यायचा ठरवला तर काय होईल? गणपतीत बैठक होईल, नारळ फुटेल, फोटो निघेल. त्यानंतर काय काय लागतं, ते एकेक करून पाहू.

मुळात बंब म्हणजे पंप

आपल्याकडे बंब दोन. एक न्हाणीघरातला तांब्याचा, दुसरा लाल गाडीवाला. शब्दाचं मूळ मात्र पोर्तुगीज 'बोंबा', म्हणजे पंप. पोर्तुगालमध्ये आग विझवणाऱ्या जवानाला आजही 'बोंबेइरो' म्हणतात. गंमत अशी की याच पोर्तुगिजांच्या आरमाराने 1508 च्या डिसेंबरअखेरीस दाभोळ लुटून जाळलं होतं. गाव जाळणाऱ्यांच्याच भाषेतून आग विझवणाऱ्या यंत्राचं नाव आपल्याकडे आलं.

नाव पंपाचं आहे आणि काम करणारा भागही पंपच. लाल रंग, भोंगा, शिडी हे सगळं त्याच्याभोवतीचं. ट्रॅक्टर जागेवर उभा करून त्याच्या मागच्या फिरत्या दांड्यावर मळणीयंत्र चालवतात, तसंच बंबाचं इंजिन गाडी थांबली की चाकांऐवजी पंप फिरवतं. पंपात एक पात्यांची चकती असते. ओली छत्री गरकन फिरवली की थेंब बाहेर उडतात. चकतीही तसंच पाणी बाहेर फेकते, आणि ते पाणी होजमधून जोराने निघतं.

पाणी आग कशी विझवतं, तेही सांगून टाकतो. चुलीवर आधण यायला जेवढा जाळ लागतो, त्याच्या सात-आठ पट जाळ ते सगळं पाणी आटवायला लागतो. जळत्या लाकडावर पडलेलं पाणी वाफ होताना ही सगळी उष्णता ओढून घेतं आणि लाकूड पेटतं राहण्याइतकं गरम उरत नाही. म्हणून बारीक फवारा कामाचा. बादलीभर पाणी एका जागी ओतलं तर बरंचसं वाफ न होताच वाहून जातं.

साडेचार टन पाणी, दहा मिनिटं

आपल्या नगरपालिकांकडे दिसणाऱ्या मध्यम बंबाच्या टाकीत साधारण 4,500 लिटर पाणी मावतं. एक लिटर म्हणजे एक किलो, तेव्हा नुसतं पाणीच साडेचार टन. गाडी, पंप, होज, माणसं धरली की वजन बारा-चौदा टनांच्या घरात जातं.

एका होजमधून मिनिटाला 450 लिटर पाणी जातं असं धरा. मग टाकी दहा मिनिटांत संपली. दोन होज लावले तर पाच मिनिटांत. शहरात बंब दहा मिनिटं लढतो तोवर दुसरा येतो, किंवा रस्त्यावरच्या नळखांबाला जोडणी मिळते. जुव्यात दुसरा बंब येत नाही. भरून आणलेलं पाणी म्हणजे प्रवासात बरोबर घेतलेली पाण्याची बाटली, घोटभर कामाची. टिकून लढायचं तर पाणी तिथल्या तिथे मिळालं पाहिजे.

फेरीबोटीवर चढवताना

दाभोळ–धोपावे फेरीबोट 2003 साली सुरू झाली, आणि दापोलीहून गुहागरला जायला खेड-चिपळूणचा शंभरावर किलोमीटरचा वळसा वाचला. लोक तिला जंगलजेट्टी म्हणतात. पुढे वेसवी–बागमांडले, जयगड–तवसाळ अशाही फेऱ्या सुरू झाल्या. एस.टी., चिऱ्याचे ट्रक, आंब्याचे टेम्पो सगळे चढतात. मग बंब का नाही चढणार?

चढेल. समजा बोट 25 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद आहे, आणि तळ सपाट. म्हणजे पाण्यावर टेकलेला भाग 200 चौरस मीटर. ही बोट एक सेंटिमीटर खाली गेली की दोन घनमीटर पाणी बाजूला सरतं, म्हणजे दोन टन. चौदा टनांचा बंब चढला तर बोट फक्त सात सेंटिमीटर खाली बसेल. चार बोटं. परातीत नारळ ठेवून परात पाण्यावर सोडली तर ती बुडत नाही, हे तेच.

पण तोच नारळ परातीच्या कडेला सरकवून बघा. वजनापेक्षा वजन कुठे आहे, याची काळजी जास्त. त्यातही अर्धवट भरलेली टाकी सर्वांत वाईट. अर्धी भरलेली कळशी कडेवर घेऊन चालणाऱ्या कुणालाही विचारा. पाणी एका बाजूला डुचमळतं आणि चालणाऱ्याला त्याच बाजूला ओढतं. बोट डावीकडे कलली की टाकीतलं पाणीही डावीकडे धावतं आणि कलणं वाढवतं. टाकीत आडव्या पट्ट्या घालून हे डुचमळणं कमी करतात, पण शहाणपण टाकी रिकामी नेण्यात आहे. साडेचार टन पाणी पाण्यावरून वाहून न्यायचं कशाला?

दुसरी अडचण बोटीच्या फळीची. चढायची फळी ओहोटीला एका कोनात असते, भरतीला दुसऱ्या. पुढे-मागे लांब वाढलेल्या गाडीचा बंपर अशा वेळी सिमेंटच्या उताराला घासतो. बंबाच्या मागे बहुधा पंपाचं पॅनल असतं, म्हणजे नेमका महागडा भाग घासणार.

हे सगळं फेरीबोट आहे तिथलं. जुव्याला होडीच जाते. जुन्या काळी दोन होड्या शेजारी बांधून वर फळ्या टाकत, तिला सांगड म्हणत. सांगडीवरून बैलगाडी गेली असेल, चौदा टन जाणार नाहीत. गेले तरी बेटावर त्यांनी फिरायचं कुठे? पायऱ्या-पायऱ्यांच्या पाखाड्यांवरून? मंडळाच्या भेटीतला गाडीचा भाग इथेच धक्क्यावर राहिला.

शहाळ्याची नळी

म्हणजे पाणी खाडीतूनच ओढायचं. इथे आजीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे.

शहाळं पिताना आपल्याला वाटतं, आपण पाणी वर ओढतो. खरं तर आपण नळीतली हवा काढतो, आणि शहाळ्यातल्या पाण्यावर बसलेली बाहेरची हवा पाण्याला नळीत ढकलते. हवेची ताकद ठरलेली आहे. ती पाण्याला जेमतेम 10 मीटर उंच ढकलू शकते. गळती आणि घर्षण जमेस धरलं तर प्रत्यक्षात सातेक मीटर. पंप कितीही दांडगा आणा, पाण्यापासून आठ-नऊ मीटर उंच धक्क्यावर ठेवलात तर तो नुसता घरघरेल.

त्यातही ओली छत्री पाणी फेकते, कोरडी काय फेकणार? पंपात आणि ओढनळीत हवा असेल तर पात्यांना धरायला काही नसतं. म्हणून आधी आतली हवा काढून पाणी भरून घ्यावं लागतं. विहिरीवरच्या जुन्या पंपात डब्याने पाणी ओतून मग मोटर सुरू करणारी माणसं अजून आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. ओढनळीला सुईच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी हवा आत शिरते आणि पाणी तुटतं. वर्षभर कोपऱ्यात पडलेल्या ओढनळीला असं छिद्र पडलेलं असतंच.

आता खाडीचा स्वभाव. उधाणाला भरती-ओहोटीत दोन-अडीच मीटरचा फरक पडतो, भांगाला कमी. पण उंचीपेक्षा वैताग आडव्या अंतराचा. ओहोटीला पाणी मागे हटतं आणि मधे गुडघाभर चिखल उरतो. नळीचं तोंड गाळात रुतलं तर पंपाच्या पोटात पाण्याऐवजी चिखल जातो. यावर तरंगता पंप हा उपाय आहे. तो टायरच्या ट्यूबसारखा पाण्यावर बसतो, भरतीबरोबर चढतो, ओहोटीबरोबर उतरतो. पाण्यातच असल्यामुळे त्याला ओढायचं नसतं, फक्त ढकलायचं असतं.

ढकलण्याचाही हिशेब असतो. दर 10 मीटर चढाला सुमारे एक किलो दाब खर्च होतो. पंप सात किलो दाब देत असेल आणि सडा साठ मीटर उंच असेल, तर वर पोचेपर्यंत पाण्यात जोर उरत नाही. तोंडाशी नळातून गळावं तसं पाणी येईल. शिवाय 63 मिलिमीटर व्यासाच्या, 30 मीटर लांबीच्या एका भरलेल्या होजमध्ये 90 लिटरच्या वर पाणी असतं, तेवढंच किलो वजन. असे दहा होज जोडून चढावर ओढत न्यायचे म्हणजे गावकीतली सगळी तरणी पोरं लागतील, आणि ती तर मुंबईला.

खाडीचं पाणी खाली आणि वणवा वर, असा हा आजीच्या कोड्याचा उलगडा. वरचा जांभ्याचा कातळ पावसाळ्यात धो धो पाणी घेतो आणि मार्चपर्यंत कोरडाठाक होतो. मधल्या चढावर दुसरा पंप ठेवून टप्प्याटप्प्याने पाणी नेता येतं, पण ते मोठ्या दलांचं काम.

नळ एकाचा, तोटी दुसऱ्याची

दानात आलेल्या साहित्याचं घोडं बहुतेक वेळा जोडणीशी अडतं. गॅसचा एका जातीचा रेग्युलेटर दुसऱ्या जातीच्या सिलिंडरला बसत नाही, तसंच. आपल्याकडे होज जोडायला ब्रिटिश वळणाची 63 मिलिमीटरची खटक्याची जोडणी चालते. एक टोक नर, दुसरं मादी, ढकललं की खट्कन बसतं. युरोपात बऱ्याच ठिकाणी स्टॉर्झ पद्धत आहे, तिची दोन्ही टोकं सारखी. जपानची मचिनो पद्धत आणखी वेगळी. अमेरिकेत आटे फिरवायचे.

आटे न जुळल्याने काय होतं ते 1904 च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या बाल्टिमोरने पाहिलं. शहराचा मधला भाग पेटला तेव्हा आसपासच्या शहरांतून बंब धावून आले. पण बऱ्याच बंबांच्या होजचे आटे बाल्टिमोरच्या नळखांबांना बसेनात. पंप आहे, पाणी आहे, माणसं आहेत, आणि मधे दोन बोटं रुंदीची पितळी कडी जुळत नाही. दीडेक हजार इमारती गेल्या.

वापरलेले बंब दान देण्यात जपान जुना. 1989 पासून चालत आलेल्या तळागाळातल्या मदतीच्या योजनेतून तिथले वापरलेले बंब बऱ्याच देशांना मिळाले, त्यांत प्रशांत महासागरातली छोटी बेटंही आहेत. अशा गाड्यांची निगा चांगली राखलेली असते. पण गाडीबरोबर जोडणीचे सांधे, फिल्टर, पट्टे, पंपाची सीलं आणि वाचता येईल अशा भाषेतलं माहितीपुस्तक गेलं नाही, तर पहिला बिघाड होताच ती शोभेची होते.

आपल्या देशातल्या देशात जुना बंब द्यायचा म्हटलं तर एक नियम आडवा येतो. 1 एप्रिल 2023 पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी आणि पालिकांच्या गाड्यांची नोंदणी रद्द होते. एखाद्या मोठ्या शहराचा निवृत्त बंब लहान गावाला द्यायचा विचार कितीही गोड असला, तरी बहुतेक अशा गाडीची वाट भंगार केंद्राकडेच जाते.

> चौकट : भेट स्वीकारण्याआधी विचारा
>
> आमच्या जेट्टीवर, होडीत, पाखाडीवर ही वस्तू जाईल का? किती माणसं उचलतील?
>
> होजचं तोंड आमच्या तालुक्याच्या बंबाच्या होजला जुळतं का?
>
> पेट्रोलवर चालतं की डिझेलवर? गावात कुठलं मिळतं?
>
> खाऱ्या पाण्यावर चालेल का? सील बदलायला कुणाला बोलवायचं?
>
> श्वसनयंत्राचा सिलिंडर संपला तर भरून कुठे मिळेल?

शेवटच्या प्रश्नावर थोडं थांबतो, कारण दानाच्या खोक्यात ही वस्तू हमखास असते. धुरात शिरताना जवान पाठीवर दाबाखालची हवा भरलेला सिलिंडर घेतो. तो साधारण अर्धा तास पुरतो. मग तो भरायला खास कॉम्प्रेसर लागतो, आणि ठरावीक वर्षांनी सिलिंडरची दाबचाचणी करावी लागते. बेटावर दोन्ही नाही. म्हणजे गॅसची शेगडी भेट दिली आणि गॅस एजन्सी तीन तासांवर. त्याहून वाईट म्हणजे ज्याने कधी सराव केला नाही असा धाडसी पोरगा ते तोंडाला लावून आत शिरतो.

खारं पाणी

खाऱ्या पाण्याने आग विझते, त्यात शंका नको. बंदरातल्या अग्निशमन नौका समुद्राचंच पाणी मारतात. तक्रार नंतरची आहे. समुद्राच्या एका लिटरात साधारण 35 ग्रॅम मीठ. अंगणातल्या लोखंडी खिडकीची दोन पावसाळ्यांत काय गत होते ते किनाऱ्यावर राहणाऱ्याला माहीत आहे, आणि त्या खिडकीला तर फक्त वारा लागतो. साध्या ॲल्युमिनियमच्या पंपात खारं पाणी राहिलं तर काही दिवसांत पांढरी भुकटी धरते आणि चकती चिकटते. खाऱ्या पाण्यासाठी बनवलेल्या पंपात गनमेटलचे, म्हणजे कासं-पितळेच्या जातीचे भाग असतात. तरीही वापर झाल्यावर गोड्या पाण्याने धुणं सुटत नाही.

खारं पाणी वीज जास्त वाहून नेतं, तेव्हा तारा बंद झाल्याशिवाय घरावर मारायचं नाही. आणि कलमांच्या बागेत तर नकोच. बांध फुटून खाडीचं पाणी शेतात शिरलं की काय होतं, हे खारभूमीवाल्यांना ठाऊक आहे. होडीच्या इंजिनातलं डिझेल पेटलं असेल तर नुसतं पाणी मारून उपयोग नाही. तेल पाण्यावर तरंगतं आणि आग घेऊन पसरतं. तिथे फेस लागतो, जो सायीसारखा तेलावर बसून हवा तोडतो. फेसाच्या द्रावाला मुदत असते. दानात आलेल्या कॅनवरची तारीख पाहिल्याशिवाय तो फडताळात ठेवू नये.

शेवंडींच्या बेटावरची आग

बेटावरची आग वेगळी का, हे ट्रिस्टन दा कुन्हा या बेटाकडे पाहिलं की कळतं. दक्षिण अटलांटिकमध्ये, केपटाऊनपासून सुमारे 2,800 किलोमीटरवर, अडीचशेच्या आसपास वस्ती. विमानतळ नाही. केपटाऊनहून जहाजाला आठवडाभर लागतो. कॅलशॉट नावाचं बंदर इतकं छोटं, की जहाज बाहेर नांगरतं आणि माल तराफ्यांवरून आत येतो, तोही समुद्र शांत असेल तर. लोकांचं पोट मुख्यतः शेवंडींवर. शेवंड पकडायची, कारखान्यात गोठवायची, परदेशी पाठवायची.

13 फेब्रुवारी 2008 रोजी हा कारखाना जळला. त्याबरोबर गावाला वीज देणारे चारही जनरेटर जळाले. आग एकच, पण तिने उत्पन्न आणि वीज दोन्ही नेली. नवे जनरेटर समुद्रावरून आणून वीज पूर्ववत व्हायला मार्चचा मध्य उजाडला. नवा कारखाना उभा राहायला पुढचं वर्ष लागलं.

आपल्याकडे लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत मोठी आग लागली तर चिपळूण, खेडहून बंब येतात. सगळी व्यवस्था या 'दुसरा बंब येतोय' वर उभी आहे. बेटावर दुसरा बंब आठवड्याने येतो. तिथे सगळा डाव पहिल्या पाच-दहा मिनिटांचा. आग बादलीएवढी असतानाच हाताशी काय आहे, आणि ते चालू होतं का.

मग जुव्याला काय द्यावं?

माझं मत विचाराल तर गाडी देऊ नये. उचलता येणारा पंप द्यावा. स्वतःचं इंजिन असलेला असा पंप साधारण 90-100 किलोचा असतो, चार माणसं दांड्यांना धरून उचलतात, आणि मिनिटाला हजार लिटरच्या आसपास पाणी देतो. होडीत बसतो, पाखाडीवर चढतो. पालखी उचलणाऱ्या गावाला चार खांदे नवे नाहीत. बरोबर सहा-आठ होज, दोन तोंडं, एक धड ओढनळी आणि तालुक्याच्या बंबाशी जुळणारा सांधा.

सड्यावरच्या गवताच्या आगीसाठी मात्र हाही पंप फार. तिथे जुनीच रीत खरी. हिरव्या टहाळ्यांनी झोडपायचं, आणि त्याआधी जानेवारीतच बागेभोवती गवत काढून पट्टा मोकळा करायचा. आंबा बागायतदाराकडे आणखी एक हत्यार असतं, ज्याला कुणी बंब म्हणत नाही. मोहरावर फवारणी करायचा पेट्रोल पंप, दोनशे लिटरचं बॅरल आणि शंभर मीटर बारीक नळी. पाणी थोडं देतो, मिनिटाला काही लिटर, पण बारीक फवारा देतो, आणि गवताला तेवढं पुरतं. बॅरलमधलं औषध आधी स्वच्छ धुतलेलं हवं, एवढंच. ही यंत्रं गावात आहेत, ती चालवणारी माणसंही आहेत. फक्त मार्चपासून बॅरल भरून ठेवायची आणि कुणाचा पंप कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक असायचं.

मोठ्या पंपाचं दुखणं वेगळं. महिनोन्‌महिने बंद राहिला की टाकीतलं पेट्रोल शिळं होऊन कार्ब्युरेटरमध्ये चिकट थर धरतो, आणि नेमक्या रात्री दोरी ओढून ओढून खांदा निघतो. म्हणून दर पंधरा दिवसांनी तो सुरू करणारा एक माणूस हवा. गावात कायम राहणारा, गणपती-शिमग्याला येणारा नव्हे. बहुतेक तो तरीवरचा होडीवालाच असेल, कारण इंजिनाचा आवाज त्याला कळतो.

त्याने पंप जेट्टीवर न्यायचा, भरती बघून नळी सोडायची, दहा मिनिटं पाणी खाडीतून घेऊन खाडीतच मारायचं. पोरं भिजून घेतील. मग विहिरीच्या गोड्या पाण्याच्या दोन-तीन कळशा पंपातून फिरवायच्या. मे महिन्यात त्या कळशांवरून घरोघरी कुरकुर होईल, ती ऐकून घ्यायची. आणि ओले होज पोफळीच्या रांगेत आडव्या बांधलेल्या काठीवर, जाळी वाळत घालतात तसे, टोकं खाली सोडून टांगायचे.